बाटलीवरची घायपात

डहाणूजवळच्या चारोटी नाक्यावर एक बाई घायपातीचे दोर विकते. पायाच्या अंगठ्यात टोक अडकवून दोर वळत असते. नाव मी कधी विचारलं नाही.

मला मधुमेह. शेजारच्या टपरीवर साखरेविना चहा घेऊन मी पिशवीतलं साखरेऐवजी घालायचं महागडं अगावे सिरप काढलं. बाटलीवरचं चित्र बघून बाई हसली.

“भाऊ, ही तर आमच्या कुंपणाची घायपात! रसाने हाताला खाज सुटते. तुम्ही पिता?”

“ही परदेशातली. हिने शुगर वाढत नाही म्हणे.”

“गोड लागते?”

“साखरेहून जास्त.”

“मग ते गोड पोटात जाऊन करतं काय?”

मी बाटलीचं झाकण परत घट्ट लावलं. महिनाभर मी चहात तीन-तीन चमचे सिरप ओततोय, आणि रिपोर्टात वाढलेल्या साखरेचा दोष बिचाऱ्या डहाणूच्या चिकूंना देतोय.