खोक्यातला बर्फ

पार्ल्याच्या बाजारात कोळीण थर्माकोलच्या खोक्याचं झाकण उघडते, मासळीचा तो गार वास येतो आणि मला मानखुर्दच्या शाळेतला चौथीचा वर्ग आठवतो. एप्रिलची दुपार होती, पंखा बंद होता, सरकारी सर्व्हेचे फॉर्म भरायचे तसेच पडले होते आणि मला मुलांना शिकवायचं होतं, की घराबाहेरचं ऊन घराबाहेरच कसं अडवतात. असंच एक खोकं मी मागून आणलं होतं. थोडा बर्फ त्यात ठेवला, थोडा स्टीलच्या डब्यात. मधल्या सुट्टीनंतर कुठला उरतो ते बघायचं. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, आमचा पत्रा लई तापतो. आई वर ओलं गोणपाट टाकते." मी म्हणाले, "धड्यात आहे का ते? बस खाली." सुट्टी संपली तर डब्यात पाणी आणि खोकं गायब. मी वर्गावर ओरडत असतानाच तीच मुलगी रिकामं खोकं छातीशी धरून, धापा टाकत दारात आली. "भावाला ताप आहे, बाई. पट्ट्यांसाठी बर्फ देऊन आले. एवढ्या उन्हातून नेला, तरी वितळला नाही ना!" शाबासकी द्यायचंही त्राण माझ्यात नव्हतं. तिला दाराशीच उभं केलं आणि वहीत लिहिलं, 'प्रयोग अपूर्ण.' आता कोळीण विचारते, "पिशवीत बर्फ घालू का, बाई?" मी नको म्हणते. माझं घर दोन मिनिटांवर आहे. त्या मुलीचं किती लांब होतं, हे मी विचारलंही नव्हतं.