आखाजीच्या आधी बंद झालेली भट्टी

एप्रिलमधल्या एका शनिवारी जर्मनीने आपल्या उरलेल्या अणुभट्ट्या बंद केल्या. माझा धाकटा भाऊ त्यांतल्या एकीत इंजिनिअर होता.

रविवारी सकाळी शिंदखेड्याच्या घरी बातमी कळली आणि आमच्याकडे सणच सुरू झाला. माझे वडील, नाना, शाळेत विज्ञान शिकवायचे. फळ्यावर अणू फोडताना ते इतके रंगत की खडू तुटायचा. एरवी अणुवीज सोडणाऱ्या देशाला त्यांनी मूर्खात काढलं असतं. त्या दिवशी म्हणाले, "शहाणा देश!" कारण देशाने हे ठरवलं, त्याच वर्षी भावाने शब्द दिला होता: भट्टी बंद झाली की घरी येतो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर होती. या सणाला आमच्याकडे सासरच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. मीही धुळ्याहून आलेली. नानांनी मागच्या खोलीला स्वतः चुना लावला. पुरणाच्या मांड्यांसाठी खापर काढून घासलं. लेकीऐवजी मुलगा येणार म्हणून शेजारच्या अक्का दारातूनच चिडवत ओरडल्या,

"नाना, आखाजीले आंडेर येस. तुमना आंडोर येस का काय?"

"येस ना! त्यानासाठे झोका बांधस!"

"आणि माझा झोका?" मी विचारलं.

"तू त्याले झोका देजो!"

संध्याकाळी भावाचा फोन आला. "तिकीट काढं का रे?" नानांनी आधी तेच विचारलं.

भाऊ म्हणाला, "नाना, वीज बंद झाली, पण आतलं इंधन गरमच आहे. ते थंड करायचं, मग एकेक भाग सोडवायचा. ते काम माझ्याकडे आलंय. ते संपेपर्यंत माझी पन्नाशी उलटेल."

आम्ही सगळ्यांनी ती भट्टी विहिरीवरच्या मोटारीसारखी धरली होती: खटका पाडला की माणूस घरी. इंधन लगेच निवत नाही हे ज्यांनी शिकवलं, ते नानाही आनंदात विसरले. मग चष्मा पुसून म्हणाले, "कितलं गरम शे आजून?"

तासभर प्रश्न चालले. नाना वहीत आकृती काढत होते, आणि पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

त्याच हिवाळ्यात नाना गेले. भाऊ येऊन दहा दिवस त्या खोलीत राहिला, परत गेला.

भट्टी अजून सोडवताहेत. खोलीत खाट आहे, वही आहे. आखाजीला पितरांसाठी पाण्याची घागर भरतात; नानांच्या नावाची मी भरते.