आप्पांच्या सायकलचे छर्रे

भावांनो, आज कंपनीत जेवणाच्या सुट्टीत गावाकडून वडिलांचा, आप्पांचा फोन आला. त्यांच्या जुन्या सायकलसाठी मी इकडे चाकणजवळच्या चिखलीतून पायडलचं नवं सील बेअरिंग पाठवलं होतं, ते सकाळी गावातल्या सायकलवाल्यानं बसवलं.

घेताना दुकानदार म्हणला होता, "हे उघडायचंच नसतंय भावा. बसव आन विसर."

जुन्या बेअरिंगचे छर्रे, म्हणजे आतल्या लोखंडी गोळ्या, वर्षातून एकदा काढून धुवावे लागायचे. आप्पांना आता बारीक दिसत नाही, म्हणून दर दसऱ्याला मी चाकणहून गावी जायचो. अंगणात सायकल उलटी करून आम्ही दोघं ते छर्रे रॉकेलमध्ये धुवायचो, मोजून ग्रीसमध्ये बसवायचो. एखादा हरवला की अख्खी दुपार शोधण्यात जायची.

फोनवर आप्पा खूश होते. "लई हलकी पळायलीय रे." मग म्हणले, "आता दसऱ्याला काम काही उरलं नाही. तू येशील का?"

मी कालच दसऱ्याच्या ओव्हरटाइमला नाव दिलं होतं. फोन ठेवून ते खोडायला गेलो.

सुपरवायझरनं विचारलं, "काय काम काढलंय घरी?"

"काहीच नाही," म्हणलं.

नवा पार्ट जुन्यापेक्षा चांगलाच आहे, वाद नाही. पण तुम्ही काहीच काम नसताना गावी शेवटचं कधी गेला होता?