साहेबांची रीत

पिपलानीच्या कारखाना-कॉलनीतल्या शाळेत अकरावीला गणित शिकवणाऱ्या कमलिनीबाई सरवटे तिमाहीचे पेपर तपासायला बसल्या की घरात कुणाची मोठ्यानं खोकायचीही छाती नसे. त्या दिवशी मात्र त्यांचंच डोकं फिरलं. एक्सचा वर्ग नऊपेक्षा मोठा आहे, तर एक्स किती? अर्ध्याअधिक पोरांनी एकच उत्तर ठोकलं होतं: एक्स अधिक-उणे तीनपेक्षा मोठा.

हे बाईंनी जन्मात शिकवलं नव्हतं. ही करामत अच्युतरावांची. अच्युतराव म्हणजे कारखान्यातले बडे इंजिनिअर, बाईंच्या यजमानांचे, केशवरावांचे साहेब. दर रविवारी ते बंगल्यावर कॉलनीतल्या मुलांना फुकट गणित शिकवत, आणि पोरं न पाठवायची हाताखालच्या माणसांची काय बिशाद! समीकरणासारखंच सोडवायचं, फक्त बरोबरच्या जागी मोठ्याची खूण ठेवायची, ही साहेबांची रीत. बाईंना त्या माणसाचा मनापासून तिटकारा होता.

पुढचा पेपर मीनाचा, पोटच्या पोरीचा. उत्तर तेच. बाईंनी भोपळा काढला.

"साहेबांच्या रीतीला शून्य?" केशवराव भडकले. "माझं प्रमोशन त्यांच्या हातात आहे, विसरलीस?"

"घरात गणिताची बाई असताना पोरीला तिकडे धाडता, लाज नाही वाटत?"

"नाही वाटत! हे क्वार्टर तुझ्या गणितावर नाही मिळालेलं."

बाईंनी मीनाला हाक मारली. "उणे एक घे. उणे तीनपेक्षा मोठा ना? मग तुझ्या हिशेबानं चालायला हवा. त्याचा वर्ग किती?"

"एक."

"एक नऊपेक्षा मोठा? अक्कल गहाण टाकलीस का?"

"मालूम आहे मला," मीना फणकारली. "तीनच्या वर, नाहीतर उणे तीनच्या खाली. पेपर लिहितानाच चेक केलं होतं."

"मग हे का लिहिलंस?"

"बाबा म्हणाले, रविवारी साहेब पेपर बघतील, त्यांचंच लिही. आई काय, घरचीच आहे. चार दिवस चिडेल आणि गप्प बसेल."

केशवराव खिडकीबाहेर बघू लागले. अच्युतरावांचा तिटकारा करणं सोपं होतं, ते दूर बंगल्यात राहत. या माणसाला मात्र आता ताट वाढायचं होतं, आणि बाईंना त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.