हिरव्या दगडाचा काप

संग्रहालयात थोरलीचा हात नावाजलेला होता. हजारो वर्षांपूर्वीची दगडी कुऱ्हाड कुठल्या डोंगराची, हे ठरवायचं तर दगडाचा काप काचेवर चिकटवून उजेड आरपार जाईल इतका पातळ घासायचा आणि त्यातले कण सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहायचे. दोन वेढे जास्त घासलं की काप पुसला जातो. थोरलीचा असा काप कधी गेला नव्हता, आणि हे ती येता-जाता सगळ्यांच्या कानावर घालायची.

एका प्राचीन वस्तीच्या उत्खननातल्या हिरव्या कुऱ्हाडी दूरच्या डोंगरातल्या दगडाच्या, हे तिनेच शोधलं होतं. माणसं पायपीट करून तो दगड आणत, असं साहेब तिचं नाव घेऊन सांगायचे. मग धाकटी बहीण त्याच विभागात चिकटली. हिला जन्मापासून सगळं आयतं मिळालेलं: आईचे लाड, दाट केस, वर स्वयंपाक करणारा नवरा. सुट्टीत वस्तीजवळच्या नदीत हिंडून ही बोटाच्या पेराएवढा हिरवा खडा घेऊन आली. नदीच तो दगड दाराशी आणून टाकत असेल तर डोंगरापर्यंत तंगडतोड करणार कोण? साहेबांनी थोरलीच्या देखत तिची पाठ थोपटली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

खड्यातून जेमतेम एकच काप निघाला. घासायला तो अर्थात थोरलीकडेच आला. तिने घासला, पाहिला. तेच कण, तीच ठेवण. धाकटीचंच खरं होतं. थोरलीने दार लोटलं, काप परत घासायची पूड टाकलेल्या जाड काचेवर पालथा ठेवला आणि बोट दाबून गोल गोल फिरवला. कापाची काच स्वच्छ झाली.

धाकटी आली तेव्हा थोरली नळाखाली हात धूत होती. काप गेला, असं तिने पाठमोरीच सांगितलं.

"तुझ्या हातून?" धाकटीने पुढे होऊन तिच्या कपाळाला हात लावला. "ताई, बरं नाहीये का तुला?"

थोरलीने नळ बंद केला.

"जाऊ दे गं. नदीत ढीगभर पडलेत. मी आपला खिशात मावेल तो उचलला होता, उद्या टोपलीभर आणते. पण घासायचे मात्र तूच. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही."

निदान संशय तरी घ्यायचास, भवाने, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं.

"आण," ती म्हणाली.