बरक्यातला मालडबा

बरका गावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ट्रेलरवरून एक जुना मालडबा आत आला, तेव्हा मला हसूच आलं. ओमानमध्ये रेल्वे आत्ता कुठे येऊ घातलीय, आणि आमच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, भारतात भंगारात निघालेला डबा बोटीने मागवला होता. सोबत वाफेच्या इंजिनांना पाणी पाजायचा एक लोखंडी खांबही होता. दोन्ही त्याला शेतावर जसेच्या तसे उभे करायचे होते, लोकांनी बघावेत म्हणून.

मी पंधरा वर्षं इथे टाक्या जोडतोय. जुनं दिसलं की घासा, वेल्ड करा, रंग मारा, एवढंच मला कळतं. डब्याच्या एका बाजूचे, पत्रे धरून ठेवणारे रिव्हेट मी ग्राइंडरने उडवले, सडका पत्रा बदलला आणि वेल्डिंगने असा गुळगुळीत जोडला की स्वतःवरच खूश झालो.

तेव्हा माझे सासरे दार्सैतला आमच्या घरी राहायला आले होते. उभी हयात त्यांनी रेल्वेच्या शेडमध्ये रिव्हेट मारले. त्या ठोकाठोकीत कान पार गेलेले. घरात बसून कंटाळले होते, म्हणून मोठ्या तोऱ्यात माझं काम दाखवायला नेलं. त्यांनी वेल्डिंगवरून हात फिरवला आणि ते सरळ गाडीत जाऊन बसले. मला रागच आला. घराच्या जिन्यात थांबून एवढंच म्हणाले, "जावईबापू, ही टाकी झाली. डबा राहिला नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अर्बाबकडे रदबदली करायला लावली. ती बाजू पुन्हा रिव्हेटने जोडायची होती, आणि शुक्रवारी त्यांचं परतीचं विमान. अर्बाबने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "चाचा करेगा तो करने दो," तो म्हणाला, "पर जुमेरात तक. फिर खलास, जैसा है वैसा जाएगा." गुरुवारपर्यंतची मुदत मिळाली.

रिव्हेट तापवायच्या भट्टीला आम्ही मिशकाकचे मांसाचे तुकडे भाजायचा कोळसा वापरला. लालबुंद रिव्हेट हेल्परने चिमट्याने भोकात बसवायचा, मागून मी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि पुढून ते हातोडा घालायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण एक ठोका वाया जात नव्हता. थंड होताना रिव्हेट आखडतो आणि दोन्ही पत्रे घट्ट आवळून धरतो, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा माझ्या पंधरा वर्षांची मला लाज वाटली.

गुरुवारी दुपारी काम संपलं आणि ते तपासायला बसले. रिव्हेटच्या एका कडेला बोट टेकवायचं, दुसऱ्या कडेला हलकेच ठोकायचं. सैल असेल तर बोटाला थरथर कळते. कान गेलेल्या माणसाला तेवढं पुरत होतं. शेवटच्या ओळीत त्यांनी तीन रिव्हेटशेजारी खडूने फुल्या मारल्या. स्वतः मारलेले रिव्हेटही त्यांनी सोडले नाहीत.

"बाबा, हे कोण बघणार आहे?" मी कानाशी जाऊन विचारलं.

"मी बघितलं ना."

पहिला आम्ही कापून काढला. नवा मारायला त्यांनी हातोडा उचलला, पण हात खांद्याच्या वर जाईना. मग हातोडा माझ्या हातात दिला आणि मागे जाऊन ठोकळा धरून बसले. मी मारला. वेडावाकडा का होईना, मारला. तो निवल्यावर त्यांनी बोट टेकवलं, ठोकलं, पुन्हा ठोकलं, आणि ती फुली अंगठ्याने पुसून टाकली.

उरलेले दोन मी मारणार होतो, पण तपासायला ते थांबलेच नाहीत. ठोकळा हेल्परकडे दिला आणि हात धुवायला निघून गेले.