खुंटीवरचा नवा सदरा

मंडळी, आज भंडाऱ्यात कष्टकऱ्यांच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन पाहून आले आणि डोकं फिरलं.

जन्मभर पितळेची भांडी घडवलेले माझे मामा सोबत होते. दारातच त्यांचा सत्तरच्या दशकातला फोटो मोठा करून लावलाय. उघड्या अंगाने मामा पितळेच्या गुंडावर, म्हणजे पाणी भरायच्या मोठ्या भांड्यावर, हातोडा मारताहेत. खाली लिहिलंय, 'श्रमाचा अस्सल क्षण'.

मामा खो-खो हसले. "हा गुंड तं घासूनपुसून बाजारात न्याले तयार होता! त्याच्यावर हातोडा कोण मारते? मी फोटोसाठी नवा सदरा घालून बसलो होतो. फोटोवाला म्हणे, काढ, तू गरीब दिसून नाही राहिला."

फोटोच्या कोपऱ्यात, खुंटीवर तो सदरा चक्क दिसतोय. एवढ्या विद्वानांना दिसला नाही!

मी तिथल्या आयोजक गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, कलेत एवढं चालतं." मग मामांवर मोबाइल रोखला. "आजोबा, फोटोजवळ उभे राहा. फक्त तो स्वेटर काढा, जुना लूक येईल."

मामा म्हणाले, "तेव्हा मी काढला बापू. आता तू काढ, फोटो मी घेतो."

गृहस्थांनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि निघून गेले.

तुमच्याकडे आहे का असा एखादा 'अस्सल' फोटो? कोपरे नीट बघा.